पाचव्या ठोक्यावर

आसेगावच्या शिवजयंतीच्या मिरवणुकीत बायका-पोरांचं लेझीम बसवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी जराही घाबरले नाही. शाळेत तीन वर्षं पहिल्या रांगेत होते. आमचे सर अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. 1914 सालचं हे मंडळ, 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ आणि कसरती तिथं दाखवून आलेलं. सरांची एक शिट्टी वाजली की चाळीस जणी एकदम वाकायच्या. तसंच इथंही होईल, असं मी धरून चालले.

जमल्या त्या मात्र निराळ्याच. फेब्रुवारीचा महिना, हरभऱ्याची सोंगणी चालू. दिवसभर आंबेनं चरचरलेले हात घेऊन बायका संध्याकाळी पटांगणात यायच्या. कुणाच्या कडेवर पोर, कुणाबरोबर सासू. तिसरी-चौथीतल्या पोट्ट्या तर आईपेक्षा आधी हजर. आणि शेजारच्या आजी, साठी केव्हाच ओलांडलेल्या, ‘मलेही एक दे वं’ म्हणत लेझीम घेऊन फेरात उभ्या राहिल्या.

पहिल्या दोन दिवसांत चार आवाज बरे जमले: खाली वाकून, कमरेशी, कपाळाशी, पुन्हा कमरेशी. मला चेव आला. तिसऱ्याच संध्याकाळी मी फलांगा घेतल्या. आगे फलांग, पीछे फलांग. शाळेत हे हुकूम कानात इतके बसले होते की त्यांचा अर्थ कुणाला सांगावा लागेल हे मनातही आलं नाही. डफडेवाल्यालाही मी ‘जरा वाढवा’ म्हणून खूण केली. ‘पीछे’ हा शब्द माझ्या तोंडून सुटला तो नेमका ठोक्यावर. अर्ध्या जणी मागं गेल्या, अर्ध्या पुढंच निघाल्या होत्या. एका पोट्टीची लेझीम आजींच्या मनगटावर बसली. काचेच्या बांगड्या फुटल्या, रक्त आलं. पोट्टी लेझीम टाकून रडत घरी पळाली.

हळद लावता लावता आजीच म्हणाल्या, ‘अवं, तू सांगतं तवा आमचा पाय उचललेला असते. आंदी सांगत जाय ना बापा.’

रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या रात्री मला भुलाबाई आठवली. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आम्ही पोरी घरोघर टिपऱ्या खेळायचो. कुणी शिकवलं, आठवत नाही. मोठ्या ताया पुढची ओळ सगळ्यांच्या अर्धा श्वास आधी उचलायच्या. आपण ओढल्यासारखे मागून जायचो, आणि टिपरी आपोआप ठोक्यावर पडायची. तो हुकूमच होता, फक्त गाण्यात मुरलेला.

दुसऱ्या दिवसापासून मी मोजू लागले. आठ ठोक्यांचा एक फेर धरला, तर पुढची चाल पाचव्या ठोक्यावर सांगायला सुरुवात करायची आणि सहाव्यावर बोलणं संपवायचं. सात आणि आठ त्यांचे. ऐकलेलं पायापर्यंत उतरायला तेवढा वेळ लागतोच. म्हणजे स्वतःचे पाय चालू चालीत आणि डोकं पुढच्या चालीत. हे आधी घरी, भांडी घासताना तोंडानं ठोके धरून जमवा. फेरासमोर जमवायला गेलात तर फेर बिघडेल.

मराठीत आणखी एक गोची आहे. आपलं क्रियापद शेवटी येतं. ‘आता सगळ्यांनी उजव्या बाजूला वळायचं’ म्हणेपर्यंत ठोका निघून गेलेला असतो, आणि वळायचं की बसायचं हे शेवटच्या शब्दाला कळतं. म्हणून दोनच शब्द: ‘बसून, खाली’, ‘मागं, दोन’. ‘दो रुख’ वगैरे नावं कवायतीत शोभतात; घरच्या फेरात त्यांचा अर्थ उलगडण्यात पाऊल चुकतं. डावं-उजवं तर मी सोडूनच दिलं. तोंड त्यांच्याकडे केलं की माझं उजवं ते त्यांचं डावं. त्याऐवजी ‘मारुतीकडं’, ‘शाळेकडं’. गावात राहणाऱ्याला मारुती कुठं हे सांगावं लागत नाही.

डफडेवाल्याशी आधी बसून बोला, हे मी सगळ्यांना सांगते. शेकलेलं डफडं कडक वाजतं, वाजवणाऱ्याचा हात आपोआप वाढत जातो, आणि इकडे पोरांचे हात जड होत असतात. आमचं ठरलं ते असं: माझा हात वर असेपर्यंत गती वाढवायची नाही. लेझमीची कडी सैल आहे का हे रोज बघायचं. दोघींमध्ये दोन्ही हात पसरून अंतर घ्यायचं. फलांगा मी काढूनच टाकल्या. चार आवाज, जागेवरचं पाऊल, एक बैठक, एक वळण. मिरवणुकीला एवढं पुष्कळ झालं. बघणारे चाली मोजत नाहीत, आपली बायको आणि पोरगी कुठं आहे ते शोधतात.

रडत गेलेली पोट्टी दोन दिवस आली नाही. मीच तिच्या घरी गेले, तिच्या आईसमोर सांगितलं की चूक हिची नव्हती, हुकूम उशिरा आला होता. मग आली.

मिरवणुकीत आजी खेळल्या नाहीत, पण फेराच्या मधोमध चालल्या. मनगटावर नव्या हिरव्या बांगड्या. दोनदा माझा हुकूम रेंगाळला, आणि दोन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे बघून पाचव्या ठोक्यावर बांगड्या खणकावल्या.