खास्द्यांची विद्या आणि दानीएलाचा निश्चय

शास्त्रपाठ : दानीएल 1:1-21



दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास आपल्या मंडळ्यांतून कितीतरी मुलेमुली अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी घर सोडतात. पाळकसाहेब प्रार्थना करतात, आई बॅगेत पवित्र शास्त्र ठेवते, आणि गाडी सुटते. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत सुमारे निम्म्या जागा परराज्यांतील विद्यार्थ्यांसाठी असल्यामुळे कोणी वारंगळला जातो, कोणी सुरतकलला, कोणी तिरुचिरापल्लीला. शाळेत पहिला येणारा हा मुलगा तेथे पाहतो, तो वर्गातील बहुतेक जण आपापल्या शाळेत पहिलेच आलेले ! पहिल्या चाचणीत गणितात वीसपैकी सहा गुण पडतात आणि मन विचारू लागते, देवाने मला येथे खरोखर आणले, की माझेच काही चुकले? या प्रश्नासह आपण दानीएलाच्या पहिल्या अध्यायाकडे वळू या.

1. विद्या परकी, परंतु नाकारलेली नाही

ख्रि. पू. 605 च्या सुमारास दानीएल, हनन्या, मीशाएल व अजऱ्या यांना यहूदातून बाबेलास नेण्यात आले. तेथे तीन वर्षे खास्द्यांची भाषा व विद्या शिकावयाची होती (वचने 4-5). इब्री लिपीत अवघी 22 अक्षरे. बाबेलच्या कीलाकार लिपीत शेकडो चिन्हे, तीही ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने उमटवावयाची. तेथील गणित साठाच्या पटीत चाले; तासाची साठ मिनिटे हा त्याचाच वारसा होय. त्या विद्येत शकुन व ग्रहताऱ्यांचे फलही मिसळलेले होते. तरीही या तरुणांनी राजाचे अन्न नाकारले, अभ्यास नाकारला नाही.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी व्याख्याने अशीच परकी वाटतात. 2021-22 पासून काही महाविद्यालयांना मराठीसह भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्याची परवानगी मिळाली आहे. परंतु बहुतेकांना इंग्रजीचाच घाट चढावा लागतो. त्या दिवशीची टिपणे त्याच रात्री वाचा. नवा शब्द मराठी अर्थासह वहीत लिहा. ड्रॉइंगच्या तासाला वस्तू पुढून व वरून कशी दिसेल हे डोळ्यांपुढे येत नसेल, तर तुम्ही मंद आहात असे नव्हे. डोळ्याला अजून ते वळण लागलेले नाही इतकेच. शिक्षकांना विचारण्यास लाजू नका. प्रार्थना ही अपुऱ्या शीटची भरपाई नव्हे. शीट पूर्ण करण्याचे बळ प्रार्थनेतून मिळते.

2. नाव ठेवणारे आणि मनात ठेवणारा

सातव्या वचनात खोजांच्या सरदाराने या चौघांना नवी नावे ठेवली. आठव्या वचनात दानीएलाने न विटाळण्याचे मनात ठरविले. मूळ इब्रीत दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे, 'ठेवणे'. भाषांतर करताना आपण दुसऱ्या ठिकाणी निश्चयाचा शब्द योजतो. अर्थाने तो योग्यच आहे, परंतु मुळातील दुवा त्यात झाकला जातो. राजवाड्याने दानीएलावर नाव ठेवले. दानीएलाने आपल्या हृदयावर निश्चय ठेवला. लोक आपल्यावर काय ठेवतात हे आपल्या हाती नसते. अंतःकरणावर काय ठेवावे, हे असते.

वसतिगृहातही नवी नावे ठेवली जातात. गावावरून, भाषेवरून, गुणांवरून चेष्टा होते. तिचा छळ झाला तर मुकाट्याने सोसणे म्हणजे विश्वास नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांनुसार रॅगिंगबद्दल शिक्षा होते; तक्रार अवश्य करा.

आणि निश्चय ताट पुढे येण्याआधी करा. मद्याचा पेला, दुसऱ्याची जर्नल उतरविणे, प्रयोगात न घेतलेली निरीक्षणे लिहिणे, रविवारची उपासना सोडणे, यांविषयीचा निर्णय पहिल्याच आठवड्यात व्हावा. दानीएलाने उद्धटपणा केला नाही. विनंती केली व दहा दिवसांची परीक्षा सुचविली (वचन 12). ठाम मन आणि नम्र वाणी ही दोन्ही एकत्र नांदू शकतात.

3. तीन वेळा 'दिले'

दुसऱ्या वचनात प्रभूने यहोयाकीमास शत्रूच्या हाती दिले. नवव्यात देवाने दानीएलास सरदाराची कृपा दिली. सतराव्यात देवाने चौघांना ज्ञान दिले. इब्रीत तिन्ही ठिकाणी क्रियापद तेच. ज्या हातून ज्ञान आले, त्या हाताबाहेर पराभवही नव्हता. म्हणून पहिल्या सत्रात एखादा विषय राहिला, तर देवाने हात सोडला असे समजू नका.

दहापट सरस ठरल्याची गोष्ट विसाव्या वचनात आहे, म्हणजे तीन वर्षांचा काळ पुरा झाल्यावर. दहाव्या दिवशी दिसली ती चेहऱ्यांची टवटवी. शिवाय ते वचन गुणांची हमी नव्हे. देवाच्या विश्वासूपणाची ती साक्ष आहे.

पुढे संकट आले तेव्हा दानीएलाने ते एकट्याने वाहिले नाही. घरी जाऊन सोबत्यांना सांगितले (2:17-18). तुम्हीही सोबती शोधा. स्थानिक मंडळीत जा. 1954 साली स्थापन झालेल्या युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडियासारख्या संघटनांच्या प्रार्थनागटांची चौकशी करा. निकाल घरी लपवू नका. झोप उडाली, जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी आईवडिलांना, वॉर्डनना, समुपदेशकांना सांगा. तो विश्वासाचा पराभव नव्हे. आणि आईवडीलहो, फोनवर पहिला प्रश्न गुणांचा नको; "बाळ, जेवलास का?" असा असू द्या.

मननासाठी प्रश्न

1. दानीएलाने काय स्वीकारले व काय नाकारले? का?
2. या वर्षासाठी तुम्ही अंतःकरणावर कोणता निश्चय ठेवाल?
3. तुमची अडचण मोकळेपणाने सांगता येईल असे दोन सोबती कोण?

प्रार्थना : हे प्रभू, परक्या गावी व परक्या भाषेत तूच आमचा देव आहेस. आम्हांला कष्टाची चिकाटी, शुद्ध अंतःकरण व विश्वासू सोबती दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.