पान्हा, प्रोलॅक्टिन आणि आईच्या बॅगेतली गोळी

माझ्या बाळंतपणासाठी आई सांगलीहून त्सुकुबाला आली. तिच्या बॅगेतून डिंक, अळीव, बाळंतशोपा, शतावरी कल्प असे सगळे निघाले आणि तळाशी गोळ्यांच्या दोन स्ट्रिप. नाव डॉमपेरिडोन. "ओळखीतल्या एका सुनेला डॉक्टरांनी दिल्या होत्या. आठ दिवसांत दूध वाढलं तिचं. असू देत तुला," आई म्हणाली.

बाळ बारा दिवसांचे होते आणि अजून जन्माच्या वजनावर आले नव्हते. पहाटे तीन वाजता रडणारे बाळ मांडीवर असताना पीएचडी फारशी कामाला येत नाही. गोळी घ्यावी असे मलाही वाटले. पण ती मळमळीवरची गोळी आहे. तिचा दुधाशी काय संबंध?

दोन हार्मोन्स, एक ब्रेक

दूध तयार करणे आणि दूध बाहेर येणे ही दोन वेगळी कामे आहेत. तयार करण्यासाठी प्रोलॅक्टिन लागते. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येते. बाहेर येण्यासाठी ऑक्सिटोसिन लागते. बाळ ओढू लागले, कधी नुसते रडले, तरी ऑक्सिटोसिनमुळे दुधाच्या पिशव्यांभोवतीचे स्नायू आकुंचन पावतात आणि दूध वाहू लागते. आपण 'पान्हा फुटला' म्हणतो तो हाच. वेदना, धास्ती, अपुरी झोप यांनी तो अडतो.

प्रोलॅक्टिनवर मेंदूने कायमचा ब्रेक लावून ठेवलेला असतो. त्याचे नाव डोपामाइन. बाळ ओढते तेव्हा ब्रेक थोडा वेळ सैल होतो. डॉमपेरिडोन डोपामाइनची जागा अडवते, म्हणजे ब्रेक लागूच देत नाही. प्रोलॅक्टिन वाढते. म्हणूनच या औषधाच्या माहितीपत्रकात 'स्तनांतून दूध येणे' हा दुष्परिणाम म्हणून छापलेला असतो. एकाचा दुष्परिणाम तो दुसऱ्याचा उपाय झाला, इतकेच.

हा प्रयोग जपानमध्ये फार पूर्वी झाला आहे. ओसाका विद्यापीठातील डॉक्टरांनी 1979 मध्ये बाळंतिणींना सल्पिराइड दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. तेही डोपामाइन अडवणारेच औषध; जपानमध्ये पोटातील अल्सरसाठी आणि मानसिक आजारांसाठी वापरले जाते. प्रोलॅक्टिन वाढले, दूधही वाढले. पण सल्पिराइड आणि त्याच कुळातले मेटोक्लोप्रमाइड मेंदूत शिरतात. मेटोक्लोप्रमाइडने काही जणींना नैराश्य येते, आणि तेही बाळंतपणानंतरच्या नाजूक दिवसांत. डॉमपेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही, दुधातही फार थोडे उतरते. म्हणून ते पुढे आले.

मग गोळी काम करते का?

करते, पण बेताचे. कॅनडात फार लवकर जन्मलेल्या बाळांच्या 90 मातांवर एक चाचणी झाली. ती 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या 14 दिवसांत डॉमपेरिडोन घेणाऱ्यांपैकी सुमारे 78 टक्के मातांचे दूध दीडपट किंवा जास्त झाले. आता दुसरा आकडा पाहा: नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांतही हे प्रमाण सुमारे 58 टक्के होते. म्हणजे बहुतेकींचे दूध पंपिंग, मदत आणि दिवस जाणे यांनीच वाढले. आईच्या ओळखीतल्या सुनेचे दूध आठ दिवसांत वाढले हे खरेच असेल. गोळीने वाढले का, हे त्यावरून सांगता येत नाही. शतावरीचेही तसेच आहे. 1996 मध्ये 'इंडियन पीडिअ‍ॅट्रिक्स'मध्ये आलेल्या चाचणीत तिचा फायदा दिसला नाही, नंतरच्या एका छोट्या अभ्यासात दिसला. जपानी आज्या बाळंतिणीला मोची आणि कार्प माशाचे मिसो सूप देत आल्या आहेत. प्रत्येक घराचा आपापला अळिवाचा लाडू!

लाडवाने फार तर वजन वाढेल. गोळीचा हिशेब वेगळा आहे. डॉमपेरिडोन हृदयाच्या पेशींतील पोटॅशियमचा मार्ग अडवते आणि क्वचित हृदयाची लय धोकादायकरीत्या बिघडते. अमेरिकेच्या एफडीएने 2004 मध्ये दुधासाठी ते वापरू नका असा इशारा दिला. तिथे त्याला मान्यताच नाही. युरोपने 2014 मध्ये ते फक्त मळमळ आणि उलटीसाठी, दिवसाला जास्तीत जास्त 30 मिलिग्रॅम आणि साधारण आठवडाभरच, असे बंधन घातले. जपानमध्ये ते नाउझेलिन या नावाने मिळते, पण दूध वाढवण्यासाठी मान्य नाही. कॅनडा, ऑस्ट्रेलियात डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात. तरुण, निरोगी आईला धोका कमी असतो. पण आधीचा हृदयविकार, रक्तातले पोटॅशियम कमी असणे किंवा सोबतचे दुसरे औषध यांनी तो वाढतो.

इथे माझीच गोष्ट येते. त्याच आठवड्यात सायनससाठी मला क्लॅरिथ्रोमायसिन सुरू झाले होते. डॉमपेरिडोनचा निचरा यकृतातील ज्या एन्झाइमने होतो, तेच हे अँटिबायोटिक बंद पाडते, आणि शिवाय स्वतःही हृदयाच्या त्याच मार्गावर परिणाम करते. माझ्या 'ओकुसुरी तेचो'त, म्हणजे औषधांच्या वहीत, आईची स्ट्रिप कुठेच नव्हती. फार्मसीत मी सहज विचारले म्हणून कळले.

काटा काय म्हणाला

मी 'बोन्यू गाईराई'त, म्हणजे स्तनपानाच्या ओपीडीत गेले. सुईणबाईंनी पाजण्याआधी आणि नंतर बाळाचे वजन केले. फरक 22 ग्रॅम. मग पंप लावला, तर आणखी 40 मिलिलिटर निघाले. दूध होते, बाळाला ते ओढता येत नव्हते, कारण त्याची पकड उथळ होती.

आणि शिल्लक राहिलेले दूधच पुढचे उत्पादन मंदावते. दोन्ही स्तनांना एकाच रक्तातून तेवढेच प्रोलॅक्टिन मिळते, तरी बाळ एकच बाजू पीत राहिले तर दुसरी आटत जाते. म्हणजे खरा नियंत्रक स्तनातच आहे: जितके रिकामे, तितके भरते. प्रोलॅक्टिन कितीही वाढवा, दूध बाहेर निघत नसेल तर उपयोग नाही.

बाळाला धरण्याची पद्धत बदलली, दर दोन-तीन तासांनी पाजणे आणि नंतर पंप सुरू केला, काही दिवस वरचे दूधही दिले. त्यात कमीपणा वाटायचे कारण नाही. आधी बाळाचे पोट. एक महिन्याच्या तपासणीला 'बोशी तेचो'तला वजनाचा ठिपका रेषेवर आला.

गोळी वाईट असे मी म्हणत नाही. बाळ अतिदक्षता विभागात आहे, पंपिंग नीट चालू आहे, थायरॉइड, आत राहिलेली वार अशी कारणे तपासून झाली आहेत, तरी दूध अपुरे आहे, अशा आईने डॉक्टरांशी जरूर बोलावे. सुरू केलीच तर एकदम बंदही करू नये.

आणि एक. चिठ्ठीवरची औषधे जपानमध्ये स्वतःपुरती एक महिन्याची आणता येतात, दुसऱ्यासाठी नाही. तेव्हा आईला सांगा: गोळ्या राहू देत, डिंकाचे लाडू थोडे जास्त आण.