ई-लिलावातील रद्द बोली व मोडलेला सौदा

वऱ्हाडातील कारंजा येथे १८८६ साली पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. पुढे १८९७ साली वऱ्हाडाकरिता कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला आणि १९२७ साली मुंबई इलाख्याचा कापूस बाजार कायदा झाला. शेतमाल विक्रीतील ज्या अनिष्ट रूढी मोडण्यासाठी अशा बाजारांची गरज भासली, त्यांत भाव ठरविण्याची गुप्त रीत ही एक प्रमुख होय. अडत्या व खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून सौदा ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूस उभा राहून त्यांच्या तोंडाकडे पाहत असे. या हत्ता पद्धतीच्या जागी उघड लिलाव आला, व आता उघड लिलावाच्या जोडीस संगणकावरील लिलाव आला आहे. कर्नाटकाने २०१४ साली आपल्या बाजारांत तो सुरू केला. त्यानंतर १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कृषी बाजार, म्हणजेच ई-नाम, ही योजना आठ राज्यांतील २१ बाजारांत आरंभिली. आज देशातील तेराशेहून अधिक बाजार त्यास जोडलेले असून महाराष्ट्रातील शंभरावर बाजार समित्या त्यांत आहेत.

या पद्धतीत बोटे लपविता येत नाहीत, हे खरे. परंतु तिच्यासंबंधी एक निराळी तक्रार ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांच्या कानी वारंवार येते. भाव लागला, फोनवर संदेशही आला, आणि तासाभराने कळले की बोली रद्द झाली. किंवा सौदा झाला, माल काट्यावर गेला, आणि तेथे खरेदीदाराने पोत्यात हात घालून माल नाकारला. शेतकऱ्यास वाटते की आपणास फसविले. पुष्कळ वेळा तसे असतेही, पण प्रत्येक वेळी नसते. कोणती बोली कायद्याने मागे घेता येते व कोणती येत नाही, हा भेद ज्यास ठाऊक नाही तो जेथे भांडावयास नको तेथे भांडतो आणि जेथे हक्क आहे तेथे मुकाट्याने घरी परततो.

प्रथम लिलावाचा क्रम पाहू. बाजाराच्या फाटकावर मालाची नोंद होऊन त्यास वक्कल क्रमांक मिळतो. नंतर नमुना घेऊन प्रतवारी होते आणि तिचा तपशील व्यापाऱ्यांना संगणकावर दिसतो. ठरलेल्या वेळेत व्यापारी बोली लावतात. वेळ संपल्यावर सर्वोच्च बोली जाहीर होते, आणि ती पत्करावी की नाकारावी हे शेतकऱ्याने सांगावयाचे असते. त्याने होकार दिल्यावर वजन, सौदापट्टी, हिशोबपट्टी, बँकेमार्फत रक्कम व शेवटी माल बाहेर, असा हा क्रम आहे.

यांतील कळीची जागा कोणती, तर सर्वोच्च बोली जाहीर झाल्यापासून शेतकऱ्याचा होकार नोंदला जाईपर्यंतचा वेळ. माल विक्री अधिनियम, १९३० याच्या कलम ६४ मध्ये लिलावाचा नियम दिला आहे. प्रत्येक वक्कल हा सामान्यतः स्वतंत्र करार समजला जातो. हातोडा पडून वा रूढ रीतीने विक्री पूर्ण झाल्याचे जाहीर होते तेव्हा ती पूर्ण होते, आणि तसे जाहीर होईपर्यंत कोणाही बोली लावणाऱ्यास आपली बोली मागे घेता येते. भारतीय करार अधिनियम, १८७२ याचेही सूत्र हेच की, स्वीकृती कळविली जाण्यापूर्वी प्रस्ताव मागे घेता येतो. ई-नाममध्ये भाव नाकारण्याचा अधिकार शेतकऱ्यास दिलेला आहे आणि तो मोठ्या मोलाचा आहे. पण त्याची दुसरी बाजू ही की, जोवर शेतकरी होकार देत नाही तोवर करार पुरा होत नाही, आणि तेवढा काळ व्यापारीही कायद्याने मोकळा राहतो. बाजार समितीच्या नियमांनी अथवा परवान्याच्या अटींनी त्यास बांधले असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून आपल्या समितीचा नियम काय आहे ते कार्यकर्त्याने हंगामापूर्वीच सचिवांकडून लेखी मागवून घ्यावे.

व्यवहारात काय घडते ते पाहा. भाव जाहीर होतो. शेतकरी म्हणतो, “थोडे थांबतो, शेजारच्या बाजारात काय निघते ते कळू दे.” दोन तास जातात. तेवढ्यात शेजारचा भाव खाली येतो, व्यापारी बोली मागे घेतो, आणि शेतकरी कचेरीत जाऊन सौदा मोडल्याची तक्रार करतो. तेथे सौदा झालेलाच नव्हता. यास उपाय एकच : कमीत कमी किती भावास माल द्यावयाचा हे घरून निघतानाच ठरवावे, आदल्या दिवशीचे दोनतीन बाजारांचे भाव पाहून ठेवावेत, आणि ठरविलेल्या आकड्याच्या वर बोली निघाल्यास होकार तत्काळ नोंदवावा. फोनवरील संदेश जपून ठेवावा, पुसू नये.

होकार नोंदल्यानंतर मात्र स्थिती पालटते. आता तो करार झाला. कागदावर सही नाही, सर्व काही यंत्रावर झाले, म्हणून तो कच्चा, असे कोणी सांगू लागल्यास ऐकू नये. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात २००८ च्या दुरुस्तीने कलम १०-अ घातले आहे, आणि इलेक्ट्रॉनिक साधनाने झालेला करार केवळ त्या कारणावरून निष्फळ ठरत नाही असे ते सांगते.

“आकडा चुकून पडला” ही सबब नेहमीची आहे. ४,४०० च्या ठिकाणी ४,६०० टंकले गेले, सबब बोली रद्द करावी, असा अर्ज येतो. करार अधिनियमाच्या कलम २२ अन्वये एकाच पक्षाच्या वस्तुस्थितीविषयीच्या चुकीमुळे, केवळ तेवढ्यावरून, करार रद्द होण्याजोगा ठरत नाही. तेव्हा असा अर्ज सचिवांनी डोळे मिटून मंजूर करू नये असा आग्रह धरावा. परंतु ४,४०० ऐवजी ४४,००० पडले असतील तर ती चूक आंधळ्यासही दिसते. तेथे हट्ट धरणारा शेतकरी न्यायालयातही टिकणार नाही व बाजारातही त्याची पत राहणार नाही. असा वक्कल त्याच दिवशी, पहिल्या पाळीत पुन्हा लिलावास लावून घ्यावा.

आता काट्यावरच्या तंट्याकडे वळू, कारण खरे नुकसान येथे होते. माल नमुन्यावर विकला असेल तर सर्व माल नमुन्याबरहुकूम असला पाहिजे व तसे ताडून पाहण्याची वाजवी संधी खरेदीदारास मिळाली पाहिजे, असे माल विक्री अधिनियमाचे कलम १७ सांगते. पोत्याच्या तोंडाशी खणखणीत दाणा आणि तळाशी ओला, मातीमिश्रित माल भरलेला असेल तर व्यापाऱ्याने सौदा नाकारणे न्याय्यच होय. त्यास आपण अन्याय म्हणू नये. म्हणून नमुना घेताना परखी पोत्याच्या वर, मध्ये व तळाशी अशी तिन्ही ठिकाणी घातली जाते की नाही हे शेतकऱ्याने स्वतः उभे राहून पाहावे. त्याच नमुन्याचा एक भाग पिशवीत बंद करून, वर वक्कल क्रमांक व तारीख लिहून, समितीच्या माणसाची सही घेऊन आपल्याजवळ ठेवावा. तंटा उपस्थित झाल्यास ही एक पिशवी दहा साक्षीदारांचे काम करील.

ओलाव्याच्या नावाखाली जी कपात होते तिचा हिशोब मात्र प्रत्येकाने शिकून घ्यावा. उदाहरणार्थ सोयाबीन घेऊ. आधारभूत खरेदीत त्यास १२ टक्के ओलाव्याची मर्यादा ठरलेली आहे. (२०२४ च्या खरीप हंगामात ती खास बाब म्हणून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली होती.) समजा, १२ टक्के ओलावा धरून क्विंटलला ४,४०० रुपयांची बोली पत्करली, आणि काट्यावर माल १४ टक्के निघाला. १०० किलो मालात कोरडा अंश आता ८८ ऐवजी ८६ किलो आहे. म्हणून ४,४०० ला ८८ ने भागून ८६ ने गुणावे. उत्तर येते ४,३०० रुपये. याचा अर्थ, ओलाव्याच्या दर टक्क्यामागे वाजवी कपात सुमारे ५० रुपये होते. वाळविण्याच्या खर्चाबद्दल त्यावर काही थोडे मागितले तर ते समजण्याजोगे आहे. परंतु व्यापारी “बोली रद्द करतो, नाहीतर ४,२०० ला दे” असे म्हणू लागला, तर दोनशेंपैकी शंभर रुपये ओलाव्याचे आणि उरलेले शंभर शेतकऱ्याच्या अडचणीचे, हे ओळखावे. १२ क्विंटलच्या वक्कलावर ही अडचणीची किंमत १,२०० रुपये होते.

आणि ही अडचण उत्पन्न होते कशाने? माल ढिगावरून हलविल्याने. पोती काट्यापर्यंत वाहिली, हमाली झाली, दुसऱ्या मालाशेजारी थप्पी लागली, तोवर दुपार उलटली व इतर खरेदीदार आपापली गरज भागवून निघून गेले. आता पुन्हा लिलाव लावला तर “हा वक्कल एकाने नाकारला आहे” एवढ्यानेच भाव उतरतो. सकाळी दुसऱ्या क्रमांकाची बोली ४,३६० होती, तीही आता उरत नाही, कारण वरची बोली लागताच खालची सामान्यतः संपुष्टात येते. तरीही सचिवांमार्फत त्या दुसऱ्या व्यापाऱ्यास विचारून पाहावे. तो बांधलेला नसला तरी पुष्कळदा राजी असतो. खबरदारी म्हणून सौद्याचा होकार नोंदल्याखेरीज पोते हलवू नये, आणि ओलावा मोजण्याचे यंत्र लावून घ्यावयाचे ते ढिगापाशीच, खरेदीदारासमक्ष लावून घ्यावे. उधारीचा करार नसेल तर किंमत हाती येईपर्यंत माल ताब्यात ठेवण्याचा विक्रेत्यास हक्क आहे, हेही ध्यानात असावे.

काही बाजारांत अजून बोली तोंडी होते व आकडे मागाहून यंत्रात भरले जातात. तेथे वरील सर्व काळजी दुप्पट घ्यावी. यंत्रातील नोंदीची वेळ हाच आपला पुरावा असतो, व ती वेळच खोटी असेल तर पुराव्यास अर्थ राहत नाही.

होकारानंतर सौदा मोडल्यास काय करावे? प्रथम रद्द करण्याचे कारण लेखी मागावे. तोंडी कारण दर घटकेस बदलते. नंतर, माल पुन्हा विकण्यापूर्वी पहिल्या खरेदीदारास लेखी सूचना द्यावी. ही सूचना बहुतेक शेतकरी देत नाहीत आणि तेथेच हक्क गमावतात. माल विक्री अधिनियमाच्या कलम ५४ अन्वये, फेरविक्रीचा इरादा कळवून वाजवी मुदत दिली व तरीही खरेदीदाराने पैसे दिले नाहीत, तर विक्रेत्यास माल विकून कमी आलेली रक्कम त्याजकडून मागता येते. सूचनेनंतर फेरविक्रीत भाव वाढून मिळाला तर तो नफा विक्रेत्याचाच. सूचना दिली नाही तर हे दोन्ही उलटते. कांदा, टोमॅटो, भाजीपाला यांसारख्या नाशवंत मालास सूचनेची अट नाही. तो तत्काळ विकावा, पण फेरविक्रीची पट्टी जपून ठेवावी. फेरविक्री न करताही, माल न स्वीकारल्याबद्दल कलम ५६ खाली भरपाई मागता येते.

अर्ज पुढील मासल्याने लिहावा : “माझा वक्कल क्रमांक अमुक, सोयाबीन १२ क्विंटल, दिनांक अमुक रोजी अमुक खरेदीदाराने क्विंटलला ४,४०० रुपये दराने घेतला व मी अमुक वाजता होकार नोंदविला. खरेदीदाराने काट्यावर माल नाकारला आहे. राखीव नमुन्याची तपासणी त्याच्या व माझ्या समक्ष करावी. अमुक वाजेपर्यंत त्याने दर मान्य करून रक्कम न भरल्यास मी माल पुन्हा लिलावास लावीन व कमी येणारी रक्कम त्याजकडून मागेन, याची त्यास सूचना द्यावी.” अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. प्रत, वजन व किंमत यांवरील तंटे बाजार समितीने सोडवावेत अशी व्यवस्था महाराष्ट्राच्या १९६३ च्या बाजार समिती अधिनियमात आहे. तेथे दाद न लागल्यास जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था, यांजकडे जावे. कार्यकर्त्याने आपल्या वहीत अशा अर्जांची नोंद खरेदीदाराच्या नावानिशी ठेवावी. एकाच परवानाधारकाचे नाव तीन वेळा आले तर समितीस परवान्याचा विचार करणे भाग पाडता येते, एकट्या शेतकऱ्यास ते साधत नाही.

शेतकऱ्यांच्या नकाराविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. भाव पटला नाही तर नाकारावा, त्यात काही वावगे नाही. परंतु वीस रुपये वाढतील या आशेने तीन दिवस तोच वक्कल लावून तीनदा नाकारणाऱ्याच्या मालावर चौथ्या दिवशी कोणी मनापासून बोली लावीत नाही. थांबावयाचेच असेल तर बाजाराच्या ओट्यावर थांबू नये. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून चालू आहे. तीत सोयाबीन, तूर, हरभरा यांसारखा माल समितीच्या गोदामात ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा महिन्यांच्या मुदतीने ६ टक्के व्याजाने मिळते. आपली समिती ही योजना राबविते किंवा कसे, गोदामात जागा शिल्लक आहे किंवा कसे, याची चौकशी माल गाडीत भरण्यापूर्वी करावी.