शिशाचे तुकडे

वसईतल्या गास गावच्या वाड्यांतून रहाट गेले आणि विहिरीच्या काठावर एका सिलिंडरचं डिझेल इंजिन आलं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली निघाली. पुढे तिच्या आणि तिच्यासारख्यांच्या इंजिनांनी महाराष्ट्रातली कितीतरी बागायत भिजवली. केळीला आणि पानवेलीला वेळेवर पाणी सोडायचं तर या इंजिनाची मर्जी सांभाळावी लागे. त्यामुळे सायकलचं पंक्चर काढणं आणि इंजिनाचं हेड गॅसकेट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सांधपट्टी, बदलणं ही दोन्ही कामं वाडीतला मुलगा साधारण एकाच वयात शिकायचा. प्रस्तुत लेखक त्या मुलांतलाच एक. नट सोडायचे, हेड उचलायचं, चिकटलेलं गॅसकेट खरवडायचं, नवं ठेवून समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळायचे. जेवून हात घातला तर चहाच्या वेळेला पाट वाहू लागे.

पुढे याच सफाईने त्याचा घात केला.

भाजी आणि फुलं दादरला नेण्यासाठी लेखकाने चार सिलिंडरचा एक जुना डिझेल टेम्पो घेतला होता. त्याच्या रेडिएटरमधलं पाणी कमी होऊ लागलं. खाली थेंब नाही, पाइप कोरडे. लेखक रोज सकाळी विहिरीची कळशी आणून भर घालत राहिला. वसईच्या किनारपट्टीत उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं आणि उन्हाळ्यात विहिरी मचूळ होतात. असलं पाणी इंजिनात महिनोन्‌महिने फिरलं तर वाटांमध्ये क्षाराचे थर बसतात आणि ॲल्युमिनियमचं हेड आतून खाल्लं जातं. जे पाणी केळीलाही सोसेना, ते लेखक इंजिनाला पाजत होता.

मे महिन्यात वर्सोवा पुलाच्या कोंडीत टेम्पो उकळला. गंमत म्हणजे त्याआधी तापमानाचा काटा खाली आला होता आणि लेखकाला हायसं वाटलं होतं. पाणी संपून सेन्सर वाफेत उघडा पडला की काटा असं खोटं बोलतो. पुढची चूक त्याहून मोठी. बाटलीतलं गार पाणी तापल्या इंजिनात ओतून त्याने गाडी तशीच गासपर्यंत आणली.

शनिवारी वाडीत ताडपत्री अंथरून हेड उतरवलं. गॅसकेट दोन सिलिंडरांच्या मधल्या पट्टीवर जळलेलं होतं. रोग सापडला, असं वाटलं. दुकानात गाडीचं नाव सांगून नवं गॅसकेट आणलं, जुनं त्याच दिवशी भंगारात गेलं. पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत केला. बोल्ट चांगले दिसत होते, तेच परत वापरले. लांब पान्याने, हाताच्या अंदाजाने आवळले. इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. दोन शेजाऱ्यांनी पाठ थोपटली.

बाराव्या दिवशी डिपस्टिकवर दुधाळ कॉफीसारखं ऑइल आलं.

नंतर गॅरेजमध्ये कळलं की गॅसकेट हा रोग नव्हताच, ते फक्त लक्षण होतं. हेड तापून वाकलं होतं आणि दोन व्हॉल्व्हच्या मध्ये बारीक तडा होता. वाकलेल्या हेडखाली कितीही नवं गॅसकेट घाला, ते जळणारच. वाक किती, हे उघड्या डोळ्याला दिसत नाही. सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून खालून फिलर गेजची पात सरकवावी लागते. अनेक इंजिनांची सहनशक्ती ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आतबाहेर संपते, म्हणजे वहीच्या एका कागदाच्या जाडीइतकीच. पॉलिश पेपरच्या कुरुंदाची पूड बेअरिंगपर्यंत पोचली होती, ते वेगळंच.

जुन्या बोल्टांची गोष्ट तर एका बड्या कंपनीलाही भोवली आहे. अमेरिकेत ओल्ड्समोबिलने १९७८ च्या मॉडेलपासून ५.७ लिटरचं डिझेल इंजिन आणलं. पेट्रोल इंजिनाचीच यंत्रसामग्री वापरता यावी म्हणून हेडच्या बोल्टांची मांडणी तीच ठेवली. पण डिझेलमध्ये हवा वीसपटीच्या आसपास दाबली जाते, तर पेट्रोलमध्ये साधारण दहापट. बोल्ट ताणले जाऊन गॅसकेटं उडू लागली. त्यात दुरुस्ती करताना अनेक मेकॅनिकांनी ताणलेले बोल्टच परत लावले, मग गॅसकेट पुन्हा उडालं. १९८५ नंतर ते इंजिन बंद झालं. आजच्या बहुतेक इंजिनांत बोल्ट मुद्दाम ताणले जाईपर्यंत आवळतात: आधी टॉर्क रेंचने ठरलेलं माप, मग अंशांत मोजून फिरवणं. असा बोल्ट सहसा एकदाच वापरायचा. त्याच्या भोकात ऑइल किंवा पाणी राहिलं तर आवळताना ब्लॉकच फुटू शकतो. लेखकाच्या इंजिनाची भोकं कोरडी निघाली, ती नशिबाने.

आता शिशाचं. लहानपणी विहिरीच्या इंजिनाचं मोठं काम निघालं की मिस्त्री येत. हेड बसवण्याआधी ते पिस्टनवर शिशाच्या तारेचे तुकडे ठेवत, हेड आवळून फ्लायव्हील हाताने फिरवत, मग सगळं परत खोलून चपटे झालेले तुकडे मापत. लेखकाला तो नारळ फोडण्यासारखा काहीतरी विधी वाटायचा. पिस्टन वर आला की हेडपासून किती अंतर उरतं, ते मिस्त्री बघत होते. म्हणजे त्या साध्या इंजिनालाही माप होतंच. पोराने पाना उचलला, माप मात्र मिस्त्रींच्या खिशातच राहिलं.

चार सिलिंडरच्या बऱ्याच डिझेल इंजिनांत तेच काम डायल गेज करतं. पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते प्रत्येक सिलिंडरला मोजायचं आणि सगळ्यांत मोठा आकडा धरून गॅसकेटची जाडी निवडायची. ती जाडी गॅसकेटच्या कडेला खाचांनी किंवा भोकांनी दाखवलेली असते. नुसतं गाडीचं नाव सांगून ती मिळत नाही.

म्हणून घरी हेड खोलायचं की नाही, हा प्रश्न हातात पाना धरता येतो का याचा नाही. आधी गॅसकेटच गेलंय का ते बघावं. पाणी कमी होण्यामागे वॉटर पंप, रेडिएटरचं झाकण किंवा ऑइल कूलरही असू शकतो. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर रेडिएटरचा वरचा पाइप दगडासारखा कडक होणं, कुलंटच्या टाकीत सतत बुडबुडे येणं, गोडसर वासाचा पांढरा धूर ही खुणेची लक्षणं. तापल्या इंजिनाचं झाकण मात्र उघडू नये, आतलं पाणी शंभर अंशांच्या वर असू शकतं आणि अंगावर उसळतं.

लेखकाचं मत विचाराल तर विहिरीचं इंजिन खुशाल घरी करावं. जुन्या मेकॅनिकल पंपाचं चार सिलिंडरी इंजिन, सोबत मॅन्युअल, टॉर्क रेंच, डायल गेज आणि दोन-चार दिवस गाडीविना भागवण्याची सोय असेल तरच. कॉमन रेल इंजिनाला हात लावू नये. त्याच्या डिझेलच्या पाइपांत हजार बारच्याही वर दाब असतो आणि धुळीचा एक कण इंजेक्टर खातो. पावसाळ्यात, उघड्यावर, तर कुठलंच नको. इकडच्या खाऱ्या हवेत उघडा ब्लॉक पाहता पाहता गंजतो.

दुसऱ्या खेपेला लेखकाने काम वाटून घेतलं. कुलंट बादलीत धरलं, बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, जाऊ दिलं नाही, कारण ते गोड लागतं आणि कुत्र्या-गुरांना विष ठरतं. रेडिएटर, पाइप, मॅनिफोल्ड त्याने स्वतः उतरवलं, बोल्ट पुठ्ठ्याला भोकं पाडून ओळीने खोवले. तडा गेलेल्या हेडच्या जागी दुसरं हेड घेतलं, तेही आधी लेथवाल्याकडे नेऊन दाबाखाली तपासून घेतलं. टायमिंग आणि मापं मेकॅनिककडे सोपवली.

मेकॅनिकने डायल गेज लावलं, चार पिस्टन एकेक करून वर आणले आणि गॅरेजच्या भिंतीवर खडूने चार आकडे लिहिले. त्यातल्या मोठ्या आकड्याभोवती गोल काढला. त्या इंजिनाला तीन खाचांचं गॅसकेट लागत होतं. लेखकाने बसवलेलं बाजूला पडलं होतं, त्याला दोन खाचा होत्या.