मदरबोर्ड नवा, विंडोज तेच : चालेल का?

प्रश्न : आमचे आडतीचे दुकान आहे. जुन्या संगणकाचा मदरबोर्ड बदलून एसएसडी टाकायची आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर पुन्हा न टाकता आहे तेच विंडोज १० चालेल का?
– एक वाचक, मंचर (ता. आंबेगाव)

उत्तर : बहुधा चालेल, पण सगळे एकदम बदलू नका. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेनांची यंत्रणा सुधारतानाही जुनी यंत्रणा निरीक्षणांसाठी चालू ठेवली होती. तोच नियम इथे पाळा.

१. सर्व डेटाचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की लिहून ठेवा आणि ते बंद करा.

२. आधी फक्त डिस्क बदला. जुन्या डिस्कचे एसएसडीवर क्लोनिंग करा. मध्येच वीज जाऊ नये म्हणून यूपीएस हवाच. जुनी डिस्क पुसू नका.

३. काही दिवस नीट चालले की मदरबोर्ड बदला. बायोसमध्ये साटा मोड पूर्वीचाच ठेवा. जुनी डिस्क एमबीआर पद्धतीची असेल आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआय मानत असेल, तर बोर्ड बदलण्याआधी एसएसडी जीपीटीमध्ये बदलून घ्यावी लागेल.

४. रिटेल परवाना नव्या बोर्डवर नेता येतो. संगणकासोबत आलेला ओईएम परवाना जुन्या बोर्डशीच बांधलेला असतो. हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या परवान्याचीही आधी चौकशी करा.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणून टीपीएम २.० असलेला आणि विंडोज ११ ला चालणारा प्रोसेसर घेणाराच बोर्ड निवडा.