जाळी बसवण्याआधी काय विचारावं?

प्रश्न : आईचं अंग बाहेर येतं. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलंय. लंडनची बहीण म्हणते, जाळी बसवणार असतील तर आधी ‘रजिस्ट्री’ची चौकशी कर. हे काय प्रकरण आहे?

उत्तर : बहिणीची धास्ती उगाच नाही. इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे, खाली उतरलेल्या अवयवांना आधार देणाऱ्या अशा जाळ्या बसवल्या गेल्या. काही जणींना जाळी आतून टोचू लागली, दुखणं कायमचं मागे लागलं. पण नेमक्या किती जणींना? सगळ्यांची एकत्र नोंद, म्हणजेच रजिस्ट्री, नसल्याने कुणाला सांगता येईना. अखेर २०१८ मध्ये योनीमार्गे जाळी बसवण्याला स्थगिती मिळाली.

स्वीडनमध्ये मात्र १९९७ पासून स्त्रीरोग शस्त्रक्रियांची राष्ट्रीय रजिस्ट्री आहे. तिची खरी खुबी म्हणजे बाई स्वतः प्रश्नावली भरते. ऑपरेशनआधी, मग आठ आठवड्यांनी आणि वर्षाने. खाली काही आल्यासारखं वाटतं का, लघवी गळते का, असे साधे प्रश्न. एरवी त्रास होणारी बाई दुसऱ्या डॉक्टरकडे जाते आणि पहिल्याला वाटतं, सगळं छान झालं! नोंद ऐच्छिक ठेवली की हीच गत होते, असं माझं मत.

रजिस्ट्री असो वा नसो, तुम्ही डॉक्टरांना सरळ विचारा : जाळीची गरज आहे का? टाके घालून किंवा पेसरीने (योनीत बसवायच्या आधाराच्या कडीने) भागेल का? अशी किती ऑपरेशनं तुम्ही करता, वर्षभराने रुग्णांना बोलावता का? जाळी बसवलीच, तर पाकिटावरचा कंपनी, मॉडेल आणि लॉट नंबरचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या.