नळाखालची बादली

आमच्या शहरात पाण्याच्या दिवशी नळ उघडा ठेवून, त्याखाली बादली लावून झोपायची पद्धत घरोघरी आहे. पाणी रोज येत नाही आणि येईल त्या दिवशी किती वाजता येईल याचा नेम नसतो. रात्री दोनला रिकाम्या बादलीत धार पडली की तिच्या आवाजाने जाग येते. मग उठायचं, पिण्याचं भरून घ्यायचं, हौदाचं झाकण उघडून पाहायचं. सिडकोतल्या घरात 28 वर्षं मी अशीच उठत आले. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते तेव्हाही, आणि निवृत्त झाल्यावरही.

लेकीकडे न्यू जर्सीला सहा महिन्यांसाठी निघालो, त्या मे महिन्यातल्या दिवशीही मोरीतला नळ असाच उघडा होता. आमच्या गल्लीचा तो पाण्याचा दिवस होता, पण पाणी आलंच नाही. कुठेतरी जलवाहिनी फुटली की सगळ्या पाळ्या पुढे सरकतात, हे आम्हाला नवं नव्हतं. संध्याकाळी मुंबईला नेणारी गाडी दारात आली. मी गॅसचा रेग्युलेटर काढला, फ्रिज पुसून त्याचं दार उघडं ठेवलं, देवापुढचा दिवा शांत होऊ दिला. ह्यांनी कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं. नळाकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. फिरकीचा जुना पितळी नळ तो. कोरडा असला की उघडा आहे की बंद, हे बघून कळत नाही.

महिना-सव्वा महिना गेला. एका रात्री साडेनऊला तिकडे फोन वाजला. इथे सकाळचे सात वाजले होते. समोरच्या घरातले भाऊ बोलत होते.

"बाई, तुमच्या गेटखालून पाणी येऊ लागलंय. मागच्या पाळीला बी आलं होतं, मला वाटलं कुणी गाडी धुतली असंल. तुमचा मेन कॉक कुठंय?"

मी फोन ह्यांच्याकडे दिला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या घरात 28 वर्षं राहिलो, त्या घराचा मुख्य कॉक नेमका कुठे आहे, हे आम्हा दोघांनाही सांगता येईना.

त्या क्षणी मला जास्त लागलं ते वेगळंच. पंधरा दिवसांपूर्वीच लेकीने तिच्या घराचा कॉक आम्हाला दाखवला होता. त्याला कारण घडलं होतं. ह्यांना तांब्याने अंघोळ करायची सवय. तिकडच्या बहुतेक घरांत न्हाणीघराच्या जमिनीला पाणी जायला वाटच नसते; पाणी जातं ते फक्त टबातून. जमीन लाकडाच्या फळ्यांची आणि खालच्या खोलीचं छत जिप्समच्या पातळ पाटांचं. दोन-तीन दिवस टबाबाहेर सांडलेलं पाणी मुरत गेलं आणि खाली जेवणाच्या टेबलावरच्या छताला पिवळा डाग पडून ते फुगलं. जावई एका शब्दाने बोलले नाहीत. लेक मात्र आम्हाला तळघरात घेऊन गेली, मीटरजवळची लाल दांडी दाखवली आणि म्हणाली, "आई, पाणी नको तिथे दिसलं की आधी हे बंद करायचं. मग मला फोन." मी तिच्यासमोर ती दांडी दोनदा फिरवून पाहिली होती. परक्या देशातल्या घराचा कॉक माझ्या हाताला माहीत होता आणि स्वतःच्या घराचा नव्हता.

घराची किल्ली जालन्याला, नणंदेच्या मुलाकडे. तो 60 किलोमीटरवरून येईपर्यंत भाऊंनी गेटजवळचा मातीने भरलेला चेंबर उकरला. कॉक सापडला, पण वर्षानुवर्षं फिरवलेला नसल्यामुळे क्षार बसून घट्ट झाला होता. पान्हा लावताच त्याचा दांडा तुटला. शेवटी कुलूप उघडून मोरीतला नळ बंद केला तेव्हा पाणी थांबलं. नळाखालची बादली काठोकाठ भरून जागेवरच उभी होती. तिच्यातून सांडणारं पाणी मोरीच्या जाळीतून जायला हवं होतं, पण जाळीवर साबणाच्या वडीचा कागद बसला होता. म्हणून पाणी उंबरा ओलांडून स्वयंपाकघरात गेलं होतं, आणि हे पाळीमागून पाळी घडत राहिलं.

नुकसानीचं सगळं सांगत बसत नाही. एकच सांगते, कारण ते पुष्कळांना ठाऊक नसतं. ओट्याखालची प्लायवूडची कपाटं फुगली, भिंतीचे पोपडे पडले, हे वाळवून आणि बदलून निभावलं. पण पाणी फरशीच्या सांध्यांतून खाली गेलं, आणि आमच्या जोत्याखाली काळ्या मातीचा थर आहे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते; शेतातल्या भेगा आपण उन्हाळ्यात पाहतोच. ती फुगली तेव्हा स्वयंपाकघराची फरशी उचलली गेली आणि मागचं दार घासू लागलं. ऑक्टोबरअखेर आम्ही परतलो, तोवर माती आक्रसून मोरीच्या भिंतीला तिरकी चीर गेली होती. एका उघड्या नळाने घराच्या पायापर्यंत हात घातला होता.

या शहरात पाण्याची किंमत कुणाला शिकवावी लागत नाही. पैठणच्या नाथसागरातून उपसलेलं पाणी फारोळ्याला शुद्ध होतं, नक्षत्रवाडीच्या टाकीत चढवलं जातं, आणि मग आपल्या पाळीची वाट बघत नळाशी येतं. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात मलिक अंबरने खडकीला, म्हणजे आपल्या याच शहराला, नहर आणली, तेव्हा जमिनीखालून वाहणाऱ्या त्या पाण्यावर ठिकठिकाणी उतरायच्या जागा ठेवल्या होत्या. पाणी कुठून येतं, कुठे थांबवता येतं आणि कुठून साफ करता येतं, हे माहीत असल्याशिवाय ती व्यवस्था शतकानुशतकं चालली नसती. आपल्या घराबद्दल आपल्याला एवढंच माहीत असायला हवं. सिडको, गारखेडा, उल्कानगरी, ज्योतीनगर, कुठेही बघा, मुलं परदेशात आणि आई-वडील वर्षातले काही महिने तिकडे, अशी घरं प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

जाण्याआधी

पहिलं काम, मुख्य कॉक शोधा. महापालिकेची जोडणी आत येते तिथे, बहुधा गेटजवळच्या चेंबरमध्ये तो असतो. चकतीचा जुना गेट व्हॉल्व्ह असेल तर प्लंबरला बोलावून पितळेचा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. तो पाव फेरीत बंद होतो. दांडी पाइपच्या रेषेत असली तर पाणी चालू, आडवी असली तर बंद. हे लांबूनही दिसतं. खर्च काही शे रुपयांचा. आमची दुरुस्ती लाखाच्या वर गेली.

दुसरं काम आपल्या शहरासाठी खास आहे. कॉक बंद केला आणि नळाला पाणी आलं नाही, एवढ्यावर समाधान मानू नका. पाण्याचा दिवसच नसेल तर पाणी तसंही येणार नव्हतं. म्हणून निघण्याच्या आधीच्या पाळीला परीक्षा घ्या. शेजाऱ्यांकडे पाणी आलं की आपला कॉक बंद करा आणि घरातले थेट जोडणीचे सगळे नळ उघडून बघा. पाइपात उरलेलं पाणी निघून गेल्यावरही थेंब येत राहिला तर कॉक गळतो आहे. मग दुरुस्तीला हाताशी काही दिवस असतात. परीक्षा झाली की हौद भरून घ्या आणि निघताना कॉक पुन्हा आडवा करा.

तिसरं, टाकीतून खाली येणाऱ्या पाइपाचा कॉकही बंद करा. हौदातला चेंडूचा नळ अडकत नाही ना, ते पाहा. हौदाचं आणि टाकीचं झाकण घट्ट लावा. झाकणाला फट राहिली तर डासांच्या पिढ्या तिथे वाढतात.

चौथं, नाहणीचे ट्रॅप. फरशीतल्या जाळीखाली जे पाणी साचलेलं असतं, ते गटारातली दुर्गंधी आणि झुरळं अडवतं. घर महिनोन्‌महिने बंद राहिलं की ते पाणी उडून जातं. निघताना जाळी काढून कचरा साफ करा, तांब्याभर पाणी ओता आणि वर दोन चमचे गोडेतेल सोडा. तेलाचा थर पाणी उडू देत नाही. आमच्यासारखा एखादा कागद तिथे बसलेला असेल तर तोही याच वेळी निघतो.

पाचवं, गच्चीवरचा सोलर. काचेच्या नळ्यांचा असेल तर तो रिकामा करून उन्हात सोडू नका. कोरड्या नळ्या भयंकर तापतात आणि परतल्यावर त्यांत गार पाणी शिरलं की तडकतात. भरलेलाच ठेवा आणि नळ्यांवर जाड कापड किंवा ताडपत्री घट्ट बांधा.

सहावं आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं, किल्ली गल्लीत ठेवा. नातं कितीही जवळचं असलं तरी 60 किलोमीटरवरची किल्ली पाण्याच्या कामी येत नाही. ज्या घरावर विश्वास आहे, तिथे किल्ली आणि एक कागद द्या. कागदावर साधी आकृती काढा: कॉक इथे, टाकीचा कॉक इथे, विजेचा मुख्य स्विच इथे. त्याखाली नेहमीच्या प्लंबरचा आणि तिकडच्या मुलांचा फोन नंबर. तोच कागद घरात दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा आणि त्याचा फोटो शेजाऱ्यांच्या मोबाइलवर पाठवा. त्यांना सांगून ठेवा की महिन्यातून एकदा, तेही पाण्याच्या दिवशी, घर उघडून बघा. कोरड्या दिवशी घर बघून काहीच कळत नाही. आमच्या भाऊंनी मागच्या पाळीलाच पाणी पाहिलं होतं, पण बोलायला ते संकोचले. "काहीही वेगळं दिसलं तर रात्री-अपरात्री फोन करा," हे आम्ही त्यांना तोंडाने सांगायला हवं होतं.

बाकीची कामं थोडक्यात. मुख्य स्विच बंद करणार असाल तर इन्व्हर्टरचाही बंद करा आणि बॅटरी मधून मधून चार्ज करायला कुणाला तरी सांगा. गहू-तांदूळ भरून ठेवू नका, वाटून टाका. घराचा विमा असेल तर घर किती महिने बंद राहणार हे कंपनीला आधी कळवून काय भरपाई मिळेल ते लेखी विचारा. निवृत्तिवेतन असेल तर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला परदेशातून कसा देता येईल, हे निघण्याआधी बँकेत जाऊन समजून घ्या.

तिकडे पोचल्यावर

पहिल्याच दिवशी मुलांना सांगा, मुख्य कॉक दाखवा. दुसऱ्या दिवशी नाही. प्रवासाचा शीण असला तरी त्याच दिवशी. स्वतःच्या हाताने तो फिरवून पाहा.

अंघोळ टबातच करा आणि पडद्याचं टोक टबाच्या आत राहू द्या. तांब्या-बादलीची सवय सोडवत नसेल तर टबात छोटं स्टूल ठेवून बादली आतच घ्या. टबाचा काठ उंच असतो आणि ओल्या पायाने तो ओलांडताना वयस्कर माणसं पडतात. आधारासाठी टॉवेलच्या दांडीला धरू नका, ती जिप्समच्या पातळ पाटात नुसत्या स्क्रूवर असते आणि भार आला की उपटून येते. भिंतीच्या आतल्या लाकडी खांबात घट्ट बसवलेली आधाराची दांडी मुलांकडून लावून घ्या. सांगायला संकोच वाटतो, पण पडल्यावर मुलांना जो त्रास होतो त्यापुढे हे काहीच नाही.

गरम पाण्याचा नळ आधी हळूच उघडा. तिकडे गरम पाणी बारा महिने तयार असतं आणि काही घरांत ते पोळेल इतकं तापलेलं असतं. गरम पाण्याच्या टाकीचा काटा 120 फॅरनहाइट, म्हणजे साधारण 49 अंश सेल्सियसवर ठेवायला मुलांना सांगा. आणि हिवाळ्यात घर दोन-चार दिवस बंद ठेवून सगळे बाहेर जाणार असाल तर काटकसर म्हणून हीटर पूर्ण बंद करू नका. पाइपातलं पाणी गोठून फुगतं, पाइप चिरतो आणि बर्फ वितळला की घरभर पाणी होतं. वीज वाचवायची आपली चांगली सवय तिथे महागात पडते.

पुन्हा निघालो तेव्हा

या वर्षी आम्ही पुन्हा लेकीकडे गेलो. निघण्याच्या आधीच्या पाळीला रात्री अडीच वाजता बादली वाजली. मी उठले, ह्यांना उठवलं. भाऊंना आधीच सांगून ठेवलं होतं, तेही टॉर्च घेऊन आले. ह्यांनी नवा कॉक आडवा केला आणि मी मोरीत उभी राहिले. धार बारीक झाली, थेंबांवर आली आणि थांबली. मग कॉक भाऊंच्या हातून एकदा उघडून, एकदा बंद करून घेतला. सकाळी किल्ली आणि आकृतीचा कागद भाऊंच्या घरी वहिनींच्या हातात दिला. निघायच्या दिवशी हौद भरलेला होता, कॉक आडवा होता, नळ बंद होता, आणि ती बादली मी धुऊन, पुसून मोरीत पालथी घातली.

तुम्ही हे वाचत असाल आणि तुमच्या गल्लीत आज पाणी येणार असेल, तर थांबू नका. परदेशी जाणं पुढच्या वर्षी असलं तरी चालेल. आजच गेटजवळचा चेंबर उघडा आणि कॉक फिरतो का ते बघा.